हार्मनीची अडवणूक

10 एप्रिल 2007 रोजी अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांना खुले पत्र लिहिले. खाली सही होती गेअर मॅग्नसन ज्युनिअर यांची. ऑगस्ट 2006 पासून चाललेल्या बोलण्यांतून काहीच हाती लागले नव्हते, म्हणून अपाचेने आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडायचे ठरवले. मागणी साधी होती. जावा एसई, म्हणजे मूळ जावा, हिचा चाचणीसंच द्या, आणि तो देताना आमचे सॉफ्टवेअर लोकांनी कुठे वापरावे यावर बंधन घालू नका. उत्तराला तीस दिवसांची मुदत दिली होती.

वाद त्या पत्रापाशी थांबला नाही. त्याच मुळातून फुटलेला एक खटला 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. ज्या प्रकल्पासाठी अपाचेने हे पत्र लिहिले तो मात्र त्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधीच गुंडाळला गेला होता. तांत्रिक मसुदा प्रसिद्ध झाला की तो सर्वांचा झाला, असे आपण सहज धरून चालतो. मसुदा वाचण्याची मुभा वेगळी, आणि त्यावरून स्वतःचे सॉफ्टवेअर घडवून ते निर्धास्तपणे वाटण्याची मुभा वेगळी. या दोहोंमध्ये किती अंतर असू शकते, हे जावाच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

सनची भीती

सन ही 1982 साली स्थापन झालेली कंपनी. तिच्या चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला, जन्माने पुण्याचे. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा सनने 23 मे 1995 रोजी जगापुढे आणली. या भाषेचे सगळे आकर्षण एका हमीत होते: प्रोग्रॅम एकदा लिहा, तो कोणत्याही यंत्रावर चालेल. ही हमी पाळायची तर प्रत्येक यंत्रावरची जावा तंतोतंत सारखी वागली पाहिजे. एका कंपनीने दोन सोयी गाळल्या आणि दुसरीने तीन वाढवल्या, की हमी संपली.

ही भीती हवेतली नव्हती. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये जावाचा परवाना घेतला. विंडोजसाठी तिने जी जावा काढली तिच्यात सनने ठरवलेल्या काही सोयी वगळल्या आणि फक्त विंडोजवर चालतील अशा काही घातल्या. सनने ऑक्टोबर 1997 मध्ये दावा ठोकला. जानेवारी 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने 2 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. सारखेपणाच्या बाबतीत ढिलाई करायची नाही, ही सनची भूमिका या अनुभवाने पक्की झाली, आणि त्या भूमिकेत तथ्य होते.

डिसेंबर 1998 मध्ये सनने ‘जावा कम्युनिटी प्रोसेस’, म्हणजे जेसीपी, सुरू केली. जावात काही नवे आणायचे तर आधी प्रस्ताव, मग जाणकारांचा गट, मग मसुदा आणि शेवटी कार्यकारी समितीचे मतदान, असा क्रम ठरला. प्रत्येक प्रस्तावातून तीन गोष्टी निघायच्या. पहिली म्हणजे मसुदा, ज्याला या व्यवसायात स्पेसिफिकेशन किंवा नुसते स्पेक म्हणतात. दुसरी, त्या स्पेकबरहुकूम चालणारी नमुना बांधणी. तिसरी, टीसीके हा चाचणीसंच. त्यातल्या असंख्य बारीक चाचण्या चालवून एखादी बांधणी स्पेकप्रमाणे वागते की नाही हे ठरायचे.

स्पेक कोणालाही उतरवून घेता येत असे, पण त्याच्यासोबत एक परवाना असे आणि त्या परवान्यात तीन अटी असत. स्पेक संपूर्ण अमलात आणा, अर्धेमुर्धे चालणार नाही. जावाच्या राखीव नावाच्या पॅकेजांत आपल्या पदरचे काही घालू नका. आणि टीसीके उत्तीर्ण व्हा. हे सारे केले, की स्पेकमध्ये गुंतलेले सनचे कॉपीराइट आणि पेटंट विनामूल्य वापरता येत. पहिल्या दोन अटी पाळणे प्रोग्रॅमरच्या हातात होते. तिसरी सनच्या हातात होती, कारण जावा एसईचा टीसीके सनकडे होता, त्यातल्या चाचण्या गोपनीय होत्या आणि तो मिळवायला वेगळा करार करावा लागे. अभ्यासक्रम छापून सर्वांना वाटला, परीक्षेचा अर्ज मात्र एकाच खिडकीवर, आणि तो घ्यायचा की नाही हे खिडकीतला माणूस ठरवणार, अशी ती व्यवस्था होती.

करार आणि विश्वास

ओपन सोर्सवाल्यांना हे जाचू लागले. अपाचे ही 1999 मध्ये नोंदवलेली ना-नफा संस्था. टॉमकॅटसारखी जावावर आधारलेली तिची सॉफ्टवेअरे जगभर वापरात होती. टीसीकेसाठी भरमसाट शुल्क भरणे आणि गोपनीयतेची बंधने पाळणे स्वयंसेवकांच्या संस्थेला शक्य नव्हते. अपाचेने जेसीपीत हा प्रश्न लावून धरला, आणि मार्च 2002 मधल्या जावावन परिषदेत सन आणि अपाचे यांचा समझोता जाहीर झाला. स्पेकच्या ओपन सोर्स बांधणीला वाट मोकळी झाली. पात्र ना-नफा संस्थांना टीसीके विनामूल्य मिळणार होता. जेसीपीच्या सभासद-करारातही तशी कलमे आली. स्पेकचे नेतृत्व करणाऱ्याने, स्वतंत्र बांधणी करण्याच्या आणि वाटण्याच्या हक्कावर करारातून बंधन घालू नये, असा त्यांचा आशय होता. त्या करारावर सनचीही सही होती.

हा करार कागदापुरता राहिला नाही. कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरसाठी असलेल्या जेटूईई या जावाची बांधणी अपाचेने ‘जिरोनिमो’ नावाने केली. तिला टीसीके मिळाला आणि 2005 मध्ये ती उत्तीर्णही झाली.

पण जेटूईई ज्या पायावर उभी होती ती मूळ जावा एसई अजून बंदच होती. जीएनयू प्रकल्पाचे कार्यकर्ते 1998 पासून ‘क्लासपाथ’ या नावाने जावाची क्लास लायब्ररी मुक्त सॉफ्टवेअर म्हणून नव्याने लिहीत होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 2004 मध्ये एका लेखातून इशारा दिला होता: तुमचा प्रोग्रॅम मुक्त असला तरी तो सनच्या बंद जावाशिवाय चालत नसेल, तर तो सापळ्यात अडकला आहे.

हार्मनी

मे 2005 मध्ये मॅग्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपाचेपुढे ‘हार्मनी’चा प्रस्ताव ठेवला. जावा एसई 5 ची संपूर्ण, स्वतंत्र बांधणी करायची आणि ती अपाचे परवान्याखाली द्यायची. हा परवाना अतिशय मोकळा. सॉफ्टवेअर घ्या, बदला, विका, बदल उघड करा किंवा करू नका. आयबीएम आणि इंटेल यांनी कोड दिला, माणसेही दिली.

आपल्या कामावर उद्या कोणी बोट ठेवू नये म्हणून हार्मनीने जी काळजी घेतली ती पाहण्यासारखी आहे. कोड देऊ इच्छिणाऱ्याला आधी एक प्रश्नावली भरून द्यावी लागे. तुम्ही जावाच्या दुसऱ्या कोणत्या बांधणीचा सोर्स कोड पाहिला आहे का? पाहिला असेल तर कोणत्या भागाचा, आणि कोणत्या परवान्याखाली? हा प्रश्न नुसता उपचार नव्हता. सन आपल्या जावासोबत क्लास लायब्ररीचा पुष्कळसा सोर्स कोड संदर्भासाठी देत असे. एखादी सोय आतून कशी चालते हे पाहायला तो कधीतरी उघडलेला प्रोग्रॅमर शोधायला लांब जावे लागत नसे. अशा माणसाने हार्मनीत त्या भागाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. स्पेक वाचायचे आणि त्यावरून लिहायचे. दुसऱ्याच्या कोडवरून नाही. एखाद्या कंपनीने मोठा कोड एकगठ्ठा दिला, तर तो कोणी लिहिला आणि त्याचे मूळ काय, याची वेगळी तपासणी होई.

ऑगस्ट 2006 मध्ये हार्मनीसाठी अपाचेने सनकडे जावा एसईचा टीसीके मागितला. सनने नकार दिला नाही. तिने जो परवाना पुढे केला त्यात वापराच्या क्षेत्रावर बंधन होते. चाचणी उत्तीर्ण झालेली हार्मनी सर्वसाधारण संगणकांवर चालवा, मोबाइल फोन आणि तत्सम उपकरणांवर नको, असा त्याचा अर्थ होता. मोबाइलवरच्या जावाचे परवाने ही सनची कमाई होती.

अपाचेला ही अट मान्य करणे शक्यच नव्हते. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता यावे, वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव नसावा, हे ओपन सोर्सच्या सर्वमान्य व्याख्येतले कलम आहे. अपाचे परवाना सांगणार ‘कुठेही वापरा’, आणि टीसीकेचा करार सांगणार ‘फोनवर वापरलेत तर पेटंटचे संरक्षण नाही’. असे सॉफ्टवेअर विश्वासाने घेणारा फसला असता. शिवाय ही अट 2002 च्या समझोत्याला आणि सभासद-कराराला धरून नव्हती, हे पत्रातले मुख्य म्हणणे होते.

दरम्यान सनने एक मोठे पाऊल उचलले होते. 13 नोव्हेंबर 2006 रोजी तिने आपली जावा जीपीएल या, बदल करून वाटणाऱ्याला कोडही उघड करायला लावणाऱ्या परवान्याखाली मुक्त करत असल्याचे जाहीर केले, आणि पुढे त्यातून ओपनजेडीके हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातली ही फार मोलाची देणगी आहे आणि तिचे श्रेय सनला दिलेच पाहिजे. पण ऑगस्ट 2007 मध्ये टीसीकेचा जो विनामूल्य परवाना निघाला, तो ओपनजेडीकेच्याच कोडमधून निघालेल्या, जीपीएलखालच्या बांधणीसाठी होता. स्पेक वाचून शून्यातून लिहिणाऱ्याला त्यात जागा नव्हती. सनचा कोड घ्या, सनच्या अटींवर घ्या, मग चाचणी मिळेल. स्वतंत्र बांधणीचा हक्क ज्या जेसीपीच्या पायाशी होता, तिथेच तो नाकारला गेला.

तीस दिवसांची मुदत सरली. अट तशीच राहिली. डिसेंबर 2007 मध्ये जेसीपीच्या कार्यकारी समितीपुढे ठराव आला, की ही संस्था कोणा एका कंपनीच्या वर्चस्वाखाली नसलेली, स्वतंत्र, खुली मानक-संस्था व्हावी. हा ठराव मांडला होता ओरॅकलने.

मालक बदलला

त्याच सुमारास, 5 नोव्हेंबर 2007 रोजी, गूगलने अँड्रॉइड जाहीर केले. अँड्रॉइडचे प्रोग्रॅम जावा भाषेत लिहायचे, पण ते चालवणारे आभासी यंत्र सनचे नव्हते. ते डॅन बॉर्नस्टीन यांनी लिहिलेले ‘डाल्विक’ होते, आणि क्लास लायब्ररीचा बराच भाग हार्मनीतून घेतला होता. फोनच्या निर्मात्यांना जीपीएलपेक्षा अपाचे परवाना सोयीचा होता. अँड्रॉइडने स्वतःला जावा म्हणवले नाही आणि टीसीकेही मागितला नाही. श्वार्ट्झ यांनी जाहीरपणे अभिनंदन केले. ज्या फोनच्या दारातून हार्मनीला मज्जाव होता, त्या दारातून तिचा कोड आत गेला होता.

20 एप्रिल 2009 रोजी ओरॅकलने सन विकत घेण्याचा 7.4 अब्ज डॉलरचा करार जाहीर केला आणि जानेवारी 2010 मध्ये तो पुरा झाला. जावाच्या स्पेकची आणि टीसीकेची मालकी आता, दोन वर्षांपूर्वी खुल्या मानक-संस्थेचा ठराव मांडणाऱ्या कंपनीकडे आली. अपाचेची आशा वाढली असेल तर ती थोड्याच महिन्यांत मावळली. ओरॅकलने बंधन उठवले नाही. 12 ऑगस्ट 2010 रोजी तिने गूगलवर पेटंट आणि कॉपीराइटभंगाचा दावा दाखल केला. ऑक्टोबरमध्ये आयबीएमने हार्मनीतले आपले बळ काढून ओपनजेडीकेकडे वळवले. डिसेंबरमध्ये जावा एसई 7 आणि 8 चे प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे आले. अपाचे, गूगल आणि समितीचे वैयक्तिक सभासद टिम पायर्ल्स यांनी विरोधात मत दिले. काही सभासदांनी परवान्याच्या अटींबद्दल नाराजी नोंदवत होकार दिला. प्रस्ताव मंजूर झाले, आणि 9 डिसेंबर 2010 रोजी अपाचेने समितीचा राजीनामा दिला. नोव्हेंबर 2011 मध्ये हार्मनीचे काम औपचारिकरीत्या बंद करण्यात आले.

हार्मनी तांत्रिक कारणाने पडली नाही. तिचा कोड जगभर फोनवर चालत होता. चाचणीला बसायची परवानगी वापरता येईल अशा अटींवर मिळाली नाही, म्हणून ती अडली.

न्यायालयात

ओरॅकल विरुद्ध गूगल या खटल्यात प्रश्न थेट मुळाशी गेला: स्पेकमधल्या घोषणांवर कॉपीराइट असतो का? एक लहानसे उदाहरण घेऊ. दोन संख्यांतली मोठी कोणती, हे सांगणारे ‘मॅक्स’ नावाचे फंक्शन जावात आहे. त्याची घोषणा एका ओळीची: नाव काय, ते कोणत्या क्लासमध्ये आणि पॅकेजमध्ये आहे, दोन पूर्णांक घेते, एक पूर्णांक परत देते. ती संख्या प्रत्यक्षात शोधायची कशी, हा पुढचा कोड. तो हार्मनीने आणि गूगलने आपापला लिहिला. घोषणा मात्र जशीच्या तशी ठेवावी लागते. तिच्यात एक अक्षर बदलले, तरी जावात लिहून ठेवलेला प्रोग्रॅम ते फंक्शन ओळखणार नाही. स्पेक अमलात आणणे म्हणजे त्या घोषणा उतरवणे. अशा 37 पॅकेजांमधल्या सुमारे 11,500 ओळींवरून हा खटला चालला.

2012 मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांच्यासमोर पहिली सुनावणी झाली. सनच्या दोन माजी प्रमुखांनी साक्ष दिली ती एकमेकांविरुद्ध: स्कॉट मॅकनीली ओरॅकलच्या बाजूने, श्वार्ट्झ गूगलच्या. जुळणाऱ्या कोडमध्ये ‘रेंजचेक’ नावाचा नऊ ओळींचा तुकडा निघाला होता. स्वतः प्रोग्रॅमिंग करणाऱ्या अल्सप यांनी, असे तुकडे आपण कितीतरी वेळा लिहिले आहेत, असे भर न्यायालयात सांगितले. पेटंटच्या बाबतीत ज्युरीने गूगलला निर्दोष ठरवले. 31 मे 2012 रोजी अल्सप यांनी निर्णय दिला: तेच काम करणारा कोड कोणीही आपल्या शब्दांत लिहू शकतो, आणि घोषणा करण्याची रीत एकच असेल तर तिच्यावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही.

वरिष्ठ न्यायालयाने मे 2014 मध्ये हा निर्णय फिरवला. घोषणांना कॉपीराइट आहे, असे ते म्हणाले. मे 2016 मध्ये दुसऱ्या ज्युरीने गूगलचा वापर ‘न्याय्य वापर’ ठरवला. मार्च 2018 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तोही रद्द केला. ओरॅकलची मागणी अब्जावधी डॉलरची होती. अखेर 5 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी निकालपत्रात दाखवून दिले, की 28.6 लाख ओळींपैकी उचललेल्या ओळी जेमतेम 0.4 टक्के होत्या, आणि प्रोग्रॅमरांना आपले शिकलेले कौशल्य नव्या व्यासपीठावर वापरता यावे यापुरत्याच त्या घेतल्या होत्या. घोषणांवर कॉपीराइट आहे की नाही, हा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवला नाही. तो आहे असे वादापुरते धरून, वापर न्याय्य आहे एवढेच सांगितले.

निकालानंतर ओपन सोर्स जगाने सुटकेचा श्वास टाकला आणि तो रास्तच होता. पण न्याय्य वापर हा न्यायालयात सिद्ध करायचा बचाव आहे, प्रत्येक प्रकरणात नव्याने. जवळजवळ अकरा वर्षे वकील पोसण्याची ऐपत गूगलकडे होती. हार्मनीच्या स्वयंसेवकांकडे ती नव्हती. अपाचेने म्हणूनच लढाईऐवजी करारावर भिस्त ठेवली होती, आणि तो करार पाळला गेला नाही.

पुढे काय झाले

जावाच्याच घरात याचा एक चांगला परिणाम दिसला. सप्टेंबर 2017 मध्ये ओरॅकलने जावा ईई ही सर्व्हरसाठीची जावा, म्हणजे पूर्वीची जेटूईई, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवत असल्याचे जाहीर केले. 2018 मध्ये तिला ‘जकार्ता ईई’ हे नाव मिळाले. तिचे टीसीके आता उघड आहेत. कोणीही ते घ्यावेत, चालवावेत आणि निकाल जाहीर करावा. पण नावाचा हक्क ओरॅकलने सोडला नाही. मे 2019 मध्ये बोलणी फिसकटली, आणि जुन्या ‘जावाएक्स’ नावाखालच्या पॅकेजांत पुढे बदल करता येणार नाही हे स्पष्ट झाले. 2020 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत सगळी पॅकेजे ‘जकार्ता’ नावाखाली गेली, आणि अगणित प्रोग्रॅमांमधल्या आयातीच्या ओळी बदलाव्या लागल्या. पुण्या-मुंबईतल्या जावा प्रोग्रॅमरांपैकी अनेकांनी त्या स्वतःच्या हाताने बदलल्या आहेत. जावा एसईच्या टीसीकेची मालकी आजही ओरॅकलकडेच आहे.

आपल्याकडे 1999 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक तरतूद आली. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती कायदेशीर मार्गाने प्रोग्रॅम बाळगणाऱ्याने मिळवणे हा कॉपीराइटभंग नाही. केंद्र सरकारने 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणले. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. पण मानक निवडताना सरकारी कार्यालयाने किंवा ते अमलात आणताना ओपन सोर्स प्रकल्पाने चार गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत: मसुद्याचा मजकूर आणि घोषणा वापरण्याची मुभा, त्यात गुंतलेल्या पेटंटचा विनामूल्य परवाना, नाव वापरण्याच्या अटी, आणि चाचणीसंच. हार्मनीकडे चौथी गोष्ट नव्हती. ती नसल्यामुळे पेटंटचा परवानाही तिच्या हाती आला नाही.

सनला जावाचा सारखेपणा टिकवायचा होता आणि ते उद्दिष्ट चांगले होते. त्यासाठी चाचणी कुलपात ठेवण्याची गरज नव्हती. चाचणी उघडी असली, की कोणती बांधणी कुठे चुकते हे कोणीही दाखवून देऊ शकतो, आणि चुकणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. चाचणी एकाच्या हातात असली, की सारखेपणा राखण्याचे साधन बाजार राखण्याचे साधन होते. स्पेक लिहिणाऱ्याने ते लोकांच्या हाती देतानाच चाचणीही द्यावी, आणि नंतर मालक बदलला तरी मागे घेता येणार नाही अशा परवान्याने द्यावी. जावाच्या या प्रकरणातून घ्यायचा नियम तो हाच.